फ्रेमवर्क तेवढं ठरवून टाका

द्राक्षाचा हंगाम आटोपला की आमच्या नाशकातल्या पॅकहाउसवाल्यांना हिशोब आठवतो, आणि हिशोब आठवला की आम्ही आठवतो. गंगापूर रोडवरच्या आमच्या अठरा जणांच्या कंपनीला यंदा घबाड मिळालं. बागांची नोंद, फवारणीची डायरी, शीतगृह, क्रेट, कंटेनर, बिलं, अशी सव्वाशे स्क्रीनची वेब-प्रणाली. साहेब म्हणाले, "फ्रेमवर्क तेवढं संध्याकाळपर्यंत ठरवून टाका." फ्रेमवर्क म्हणजे वेब-प्रणाली ज्यावर उभी करायची तो तयार सांगाडा. ही गोष्ट एका सोमवारची. त्यानंतर किती सोमवार गेले ते मोजायचं मी सोडून दिलंय.

या विषयात तोंड उघडायचा मला हक्क आहे, कारण मागचा घोळ माझाच. 2015 साली एका शीतगृहाची प्रणाली मी छाती फुगवून अँग्युलरजेएस नावाच्या फ्रेमवर्कमध्ये लिहिली. गूगलचा माल, म्हणजे नातवंडांपर्यंत टिकणार. सप्टेंबर 2016 मध्ये अँग्युलर 2 आलं. पाटी तीच, दुकान वेगळं. सगळं टाइपस्क्रिप्ट नावाच्या भाषेत मुळापासून लिहिलेलं, जुनं सामान नव्या घरात हलवायचं तर बहुतेक सगळं मोडूनच हलवायचं. पुढच्या वर्षी आलं ते थेट 4. मधलं 3 गायब! मी बायकोला म्हटलं, "बघ, गूगलवालेसुद्धा तीन तिगाडा मानतात." खरं कारण अगदीच बेचव होतं. एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारा जो त्यांचा राउटर, त्याच्या पॅकेजचा आकडा आधीच 3 वर पोचला होता, म्हणून सगळ्यांना एका रांगेत आणायला उडी मारली. ऑफिसात मात्र माझंच कारण चाललं. अँग्युलरजेएसला मिळणारा आधार 2021 च्या डिसेंबरअखेर सुटला. शीतगृह अजून त्यावरच आहे. ऐन हंगामात फोन येतो, "भाऊ, ते गोल गोल फिरतंय, थांबतच नाही." मी म्हणतो, "पान रिफ्रेश करा." गूगलने सोडलेला आधार मी असा एकट्याने सांभाळतोय.

तर मीटिंग. प्रत्येकाचं फ्रेमवर्क वेगळं: रिअ‍ॅक्टवाला, अँग्युलरवाली, व्ह्यूवाला आणि कोपऱ्यात एक ट्रेनी.

रिअ‍ॅक्टवाल्याने साहेबांना व्हर्च्युअल डॉम, म्हणजे स्क्रीनवरचं पान बदलायची रिअ‍ॅक्टची पद्धत, समजावला. "सर, आधी कच्च्या वहीत लिहायचं, मागच्या कच्च्या वहीशी ताडून बघायचं, आणि जेवढा फरक तेवढाच पक्क्या वहीत उतरवायचा." साहेबांचे वडील अडतीवर मुनीम होते, त्यामुळे त्यांना ते लगेच पटलं. तेवढ्यात ट्रेनी म्हणाला, "स्वेल्टमध्ये कच्ची वहीच नाही सर. कुठे काय बदलणार ते कंपायलर, म्हणजे कोडचं भाषांतर करणारा प्रोग्रॅम, आधीच काढून ठेवतो." साहेबांना तेही पटलं. व्ह्यूवाला बिचारा भिडस्त. तो एवढंच म्हणाला, "सर, व्ह्यू घेऊ या." साहेब म्हणाले, "व्ह्यू तर चांगला पाहिजेच! गिऱ्हाईक आधी तेच बघतं." त्यानंतर दिवसभर त्याने तोंड उघडलं नाही.

खरा बार अँग्युलरवालीने काढला. "सर, आठ जण मिळून सव्वाशे स्क्रीन लिहिणार. प्रत्येकाने आपली चूल मांडली तर सहा महिन्यांनी कोणाचा फॉर्म कोणाला कळणार नाही. अँग्युलर म्हणजे अख्खी मिसळ. मटकी, रस्सा, फरसाण, पाव, दही, पापड, सगळं एका ताटात. राउटिंग घरचं, फॉर्म घरचे, सर्व्हरशी बोलणं घरचं. रिअ‍ॅक्ट म्हणजे नुसती मटकी."

"रिअ‍ॅक्ट फ्रेमवर्क नाहीच मुळी, फक्त स्क्रीन दाखवण्यापुरती लायब्ररी आहे," रिअ‍ॅक्टवाला अभिमानाने म्हणाला. हा बचाव होता की कबुली, ते मला तेव्हा उमगलं नाही.

शेवटी ठरलं की एकच स्क्रीन चौघांनी आपापल्या पद्धतीने करायची. क्रेटची यादी, पाच हजार ओळी, आणि बघायची वॉचमनच्या फोनवर, कारण पॅकहाउसच्या सुपरवायझरकडे तसलाच फोन असतो. आम्ही पाच जण त्या तडा गेलेल्या काचेवर वाकलो. पहिली यादी अडकली. दुसरी अडकली. तिसरी अडकली. स्वेल्टची पण अडकली, तेव्हा ट्रेनीचा चेहरा बघण्यासारखा होता. पाच हजार ओळी एकदम पानावर ओतल्या तर कुठलंही फ्रेमवर्क काय करणार? मग डोळ्यांसमोरच्या पंचवीस-तीस ओळीच पानावर ठेवायच्या आणि सरकेल तशा बदलायच्या, असं केलं. चारही याद्या लोण्यासारख्या पळाल्या. दोन आठवडे घालवून आम्हाला कळलं की दोष आमचा होता. वॉचमन फोन परत घेत म्हणाला, "बॅटरी संपवली राव."

रविवारी दिंडोरीकडे मामाच्या बागेत गेलो. मामाने जुना प्लॉट काढून नवीन लावायला घेतला होता. म्हटलं, "मामा, वाण कसा ठरवता? एकदा लावली की बारा-पंधरा वर्षं तीच वेल."

"वाणाचं काय घेऊन बसला, भाच्या! थॉमसन लाव नाहीतर दुसरं काही लाव. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, पुढे विरळणी. पेठ-सुरगाण्याची मजुरांची टोळी त्या वाणावर हात बसलेली आहे का, तेवढं बघायचं. ऐन वेळी माणूस नसला की सोन्याचा वाण असला तरी घड तसेच लोंबतात."

सोमवारी मी साहेबांना विचारलं, "गेल्या वर्षी नोकरीसाठी आलेल्या अर्जांची थप्पी कुठंय?" आम्ही अर्ज मोजले. निम्म्याहून जास्त पोरांनी रिअ‍ॅक्ट लिहिलेलं. अँग्युलर जेमतेम मूठभर. स्वेल्ट एक, आणि तो आमचाच ट्रेनी. दहा मिनिटांत रिअ‍ॅक्ट ठरलं. अँग्युलरवाली म्हणाली, "ठीक आहे," आणि त्या दोन शब्दांनी माझ्या पोटात गोळा आला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी खुशीत सगळ्यांना मिसळ खायला नेलं. पहिला घास घ्यायच्या आत रिअ‍ॅक्टवाल्याने वही काढली. "सर, आता फक्त राउटर कोणता, स्टेट, म्हणजे स्क्रीनवरची चालू माहिती, रिडक्स लायब्ररीत ठेवायची की झुस्टँडमध्ये, फॉर्मला कोणती लायब्ररी, आणि सर्व्हरवरून येणारा डेटा कशाने आणायचा, एवढंच ठरवायचंय."

साहेबांच्या हातातला पाव हवेत राहिला. "म्हणजे? मग काल काय ठरलं?"

"मटकी," अँग्युलरवाली म्हणाली, आणि तिने रस्सा मागवला.