वाइन टेस्टिंगला जाताय? आत्याला घरी ठेवा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, वाइन टेस्टिंगला आपण वाइन प्यायला जात नाही. प्यायची असती तर नाक्यावर 'वाइन शॉप' आहेच की, जिथे वाइन सोडून सगळं मिळतं आणि चुकून वाइन मागितलीत तर काउंटरवरचा माणूस वरच्या फळीवरची बाटली धूळ झटकत काढतो आणि 'गोडवाली देऊ का?' विचारतो. टेस्टिंगला जायचं ते 'वाइन कळणारा माणूस' होऊन संध्याकाळपर्यंत घरी परत यायला, आणि त्यासाठी प्रायव्हेट गाइडेड डे ट्रिपएवढा झटपट कोर्स दुसरा नाही. मी ठाण्याहून नाशिकला जाऊन आलोय, एकदाच, त्यामुळे सल्ला द्यायला पूर्ण लायक आहे.

तारीख ठरवताना कॅलेंडरमधले लाल आकडे बघा आणि लाँग वीकेंड दिसला की डोळे झाकून बुक करा. आम्ही 26 जानेवारी धरलेला. पैसे भरून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की प्रजासत्ताक दिन म्हणजे ड्राय डे. टूरवाल्यालाही हे पैसे जमा झाल्यानंतरच आठवलं, पण तो म्हणाला सर, वाइनयार्ड बघता येईल ना, व्ह्यू छान आहे. ड्राय डेला वाइनयार्डचा व्ह्यू बघायला जाणं म्हणजे उपासाच्या दिवशी मिसळीच्या हॉटेलसमोर गाडी लावून बसणं, पण असो, शेवटी फेब्रुवारीची तारीख मिळाली.

फेब्रुवारी खरं तर चुकूनच बरोबर निघाला, कारण नाशिकची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. तुम्ही मात्र मे-जूनमध्ये जा, डिस्काउंट असतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी झालेली असते, वेलीवर औषधालाही द्राक्ष नसतं, आणि मग तुम्हाला गाइडला 'द्राक्षं कुठेयत?' असा प्रश्न विचारता येतो, जो तो सीझनमध्ये चारशे वेळा ऐकतो आणि तरी हसतो. तिकडे युरोपात थंडीत वेल झोपतो, वर्षातून एकदा छाटला की काम झालं. आपल्याकडे त्याला झोपू देईल एवढी थंडीच नाही, म्हणून एप्रिलमध्ये एकदा खरडायचा, ऑक्टोबरमध्ये फळासाठी परत छाटायचा. दोन छाटण्या, मधे पाऊस, डावणी-भुरीसारखे रोग, आणि फळ आलं की अवकाळी. हे मला गाइडने नाही सांगितलं, आत्याने सांगितलं. तिच्याकडे येतोच.

आता माणसं. प्रायव्हेट म्हणजे गाडी तुमची, गाइड तुमचा, फक्त टेस्टिंगचं टेबल शेजारच्या टेबलाला चिकटलेलं आणि त्या टेबलावर कुठल्यातरी ऑफिसची सेल्स टीम. पैसे डोक्यामागे घेतात. आम्ही मी, बायको, मेहुणा आणि त्याची बायको असे चार, गाडी सात सीटर. इथेच माझी चूक झाली. रिकामी सीट दिसली की मराठी माणसाला कसंतरीच होतं. नाशिकला जातोच आहोत तर आत्याला घेऊ, बिचारी निफाडला एकटी असते, तेवढीच फिरेल. आत्या म्हणाली मी पिणार बिणार नाही हां, नुसती बसेन.

आत्याच्या सासरी 30 वर्षं द्राक्षबाग होती. हे मला माहीत होतं, पण त्याचा वाइनशी काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं, आणि तुम्हालाही वाटू देऊ नका.

सकाळी पोचल्या पोचल्या मिसळ खा. काळ्या मसाल्याची, वर एक्स्ट्रा रस्सा, सोबत पापड, दही, जिलबी. घाम फुटला पाहिजे. तासाभराने कुणीतरी तुम्हाला सांगणार आहे की या वाइनमध्ये पांढऱ्या फुलांचा अगदी हलका सुगंध आहे, तेव्हा तुमच्या जिभेवर फक्त तर्री असली पाहिजे, म्हणजे मतभेदाचा प्रश्न येत नाही.

गाडी गंगापूर धरणाच्या बाजूला वळली की गाइड इतिहास सुरू करतो. सिलिकॉन व्हॅलीतली नोकरी सोडून आलेले राजीव सामंत, घरची जमीन, 2000 साली आलेल्या त्यांच्या 'सुला' वाइनरीच्या पहिल्या बाटल्या, मग 2001 चं राज्य सरकारचं वाइन धोरण, मग 2010 ला 'नाशिक व्हॅली वाइन'ला मिळालेलं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन. हे सगळं खरंय आणि भारीच आहे. पण त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकात, नारायणगावला चौगुल्यांनी शॅम्पेनच्या पद्धतीने फेसाळणारी वाइन बनवून परदेशात पाठवली होती, ते मधे घालू नका, गाइडची लिंक तुटते. त्यापेक्षा 'सॉइल कशी आहे इकडची?' विचारा. उत्तर काहीही आलं तरी 'हं, टेरवार' म्हणा. टेरवार म्हणजे माती, हवा, उतार, पाणी सगळं मिळून. आपल्याकडे त्याला 'रान कसंय' म्हणतात, पण तसं म्हटलं तर टूर स्वस्तातली वाटते.

बागेत गाइडने एक घड हातात दिला. वाइनची द्राक्षं बघून आपला विरसच होतो, मणी वाटाण्याएवढे, साल जाड, आत बिया. आम्ही सगळे वॉव म्हणालो. आत्याने मणी फोडला, बोटांत चोळला, चाखला आणि विचारलं, ब्रिक्स किती आहे? गाइड एक सेकंद थांबला. म्हणजे ब्रिक्स हा शब्द त्याच्या स्क्रिप्टमध्ये तीन मिनिटांनी येणार होता आणि तो त्याला आम्हाला समजावून सांगायचा होता, ब्रिक्स म्हणजे रसातली साखर, तीच यीस्ट खातं आणि तिचंच अल्कोहोल होतं वगैरे. निफाडच्या नऊवारीतल्या बाईने तो आधीच वापरून टाकला. 23, तो म्हणाला. आत्या म्हणाली हां, मग बरोबर, खायच्या मालाला एवढी लागत नाही, आम्ही एक्सपोर्टला 18 एमएमचा मणी करायचो, जीएत, म्हणजे मणी फुगवायच्या औषधात बुडवून बुडवून, हा मणी बाजारात नेला असता तर व्यापाऱ्याने ट्रॅक्टरसकट परत पाठवला असता. गाइड हसला. मग तिने विचारलं, 'किलोमागं काय भाव देतात ओ शेतकऱ्याला?'

गाइड म्हणाला, आपण आता सेलरकडे जाऊया.

सेलरमध्ये स्टीलच्या टाक्या असतात आणि लाकडी पिंपं असतात. फोटो पिंपांसोबत काढा. वाइन बरीचशी टाक्यांत होते, पण टाकीसमोर उभं राहिलं की दूध डेअरीत आल्यासारखं दिसतं. तसंच पायाने द्राक्षं तुडवायचं असेल तर जरूर तुडवा, पँट फोल्ड करा, स्लो मोशन घ्या, खरा रस आत मशीन काढतं हे कॅप्शनमध्ये लिहायची गरज नाही.

मग मुख्य कार्यक्रम. पाच ग्लास, प्रत्येकात साधारण 30 एमएल. ग्लास दांडीला धरायचा, खाली पांढरा कागद धरून रंग बघायचा, गोल फिरवायचा, नाक आत घालायचं, मग घोट घेऊन खळखळून (हो, चूळ भरतो तसाच, फक्त चेहरा गंभीर) आणि मग थुंकायचं. त्यासाठी समोर एक पिकदाणी असते, तिला तिथे वेगळं काहीतरी म्हणतात. ज्या राज्यात एसटी स्टँडच्या प्रत्येक जिन्यावर 'येथे थुंकू नये' लिहूनही लोक कोपरा रंगवतात त्या राज्यातला एकही माणूस त्या पिकदाणीत थुंकला नाही. मेहुणा म्हणाला एवढे पैसे देऊन थुंकू? त्याचा हिशोब बरोबरच होता, फक्त तीन वायनरी गुणिले पाच गुणिले 30 म्हणजे 450 एमएल, बाटली अर्ध्याच्या वर गेली, आणि तिसऱ्या ठिकाणी त्याला सगळ्याच वाइनमध्ये 'मैत्री' लागत होती. म्हणून ड्रायव्हर लावा. रक्तात 100 एमएलला 30 मिलिग्रॅमच्या वर सापडलात तर पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत आत, किंवा दोन्ही, आणि पोलिसाला तुमची पांढरी वाइन चेनिन ब्लांक द्राक्षाची की सोविन्यों ब्लांकची यात रस नसतो.

वास. हा पेपर सगळ्यात अवघड. गाइड विचारतो, काय जाणवतंय? इथे खरं बोलणारा माणूस संपला. माझी बायको खरं बोलली. सोविन्यों ब्लांक हुंगून म्हणाली, ढोबळी मिरचीसारखा वास येतोय. मेहुणा फिस्सकन हसला, शेजारची सेल्स टीमही हसली, ती बिचारी लाल झाली आणि पुढचे दोन ग्लास फक्त 'नाइस' म्हणत राहिली. आत्याने तिच्या हातातला ग्लास घेतला, नाकाला लावला, म्हणाली ढोबळीच आहे, हिरवी, नुकती चिरलेली, बरोबर बोलतेय पोरगी. आणि गाइडला मान्य करावं लागलं, कारण ढोबळी मिरचीत जो वासाचा पदार्थ असतो तोच या द्राक्षातही असतो, उपमा नाही, तोच पदार्थ. पण हे तुम्ही करू नका. तुम्ही 'गूजबेरी' म्हणा. गूजबेरी आपल्यापैकी कुणी खाल्लेली नाही, मनात आवळा येतो आणि तो आवळा नव्हे, त्यामुळे कुणीच तुम्हाला खोडून काढू शकत नाही. पेरू, चिंच, जांभूळ ही फळं आपल्या जिभेला पाठ आहेत, म्हणूनच ती उच्चारायची नाहीत. चेरी, प्लम, ब्लॅककरंट चालेल.

रेडची पाळी आली तेव्हा गाइडने टॅनिन समजावलं, सालीतून आणि बियांतून येतं, हिरड्या आवळल्यासारख्या होतात. मेहुण्याच्या बायकोने घोट घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाली, कच्ची सुपारी खाल्ल्यासारखं होतंय. परत हशा. परत बरोबर, सुपारीतही टॅनिनच. म्हणजे बघा, दोन्ही बायकांनी पहिल्या फटक्यात जे ओळखलं ते ओळखायला लोक कोर्स करतात, आणि दोघींना वाटलं आपलं हसं झालं. टूरचे पैसे इथेच वसूल होतात.

काही जण जीभ वगैरे मधे आणतात. आणू नका, रंग बघून बोला. 2001 साली छापून आलेल्या एका प्रयोगात फ्रान्सच्या बोर्दोत वाइनचंच शिक्षण घेणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, मग तीच वाइन चव नसलेला लाल रंग घालून परत दिली, आणि त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. खुद्द बोर्दोत हे, मग आपण तर कसारा घाट चढून आलेली माणसं.

सोबत चीजची प्लेट येते. चार क्यूब, क्रॅकर, आणि द्राक्षं. आत्याने एक तोंडात टाकलं आणि म्हणाली, ही थॉमसन आहे, खायची जात, बागेतली नाही. वाइनरीत बसून आपण बाजारातून आणलेली द्राक्षं खात होतो, यावर मला हसू आलं पण गाइडचा चेहरा बघून गिळलं.

खरेदी करा. तिथे नाही म्हणणं जमत नाही, कारण पाच वाइन फुकट प्यायल्यासारखं वाटत असतं, पैसे भरलेत हे विसरायला होतं. कॉर्कऐवजी फिरकीचं झाकण असेल तर हळहळ व्यक्त करा, भले त्याने पांढरी वाइन ताजी राहत असो, फट्कन आवाज नाही म्हणजे काय. घरी आईला सांगायला 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य तयार ठेवा, 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचं निघालं तेव्हा अख्खा महाराष्ट्र यावर भांडून मोकळा झालाय, दोन्ही बाजूंचे मुद्दे सगळ्यांना पाठ आहेत. आणि आई फारच ऐकेना तर सांगा की आपल्या 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली जो परवाना मिळतो तो आरोग्य जपण्यासाठीच मिळतो. बाटली शोकेसमध्ये उभी ठेवा, दुपारचं ऊन येतं त्या बाजूला, आणि जुनी होऊ द्या. आपल्याकडच्या बऱ्याचशा पांढऱ्या वाइन वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकायच्या असतात, पण मग शोकेसमध्ये काय ठेवणार?

निघताना आत्या मागे राहिली. मला वाटलं चप्पल सापडत नसेल. बघतो तर गेटवरच्या वॉचमनशी बोलत उभी, तो जवळच्याच गावचा निघाला, त्याच्या भावाची दीड एकर याच कंपनीला करारावर, आणि तिने दिवसभर तीनदा विचारलेला प्रश्न चौथ्यांदा त्याला विचारला, किलोमागं काय भाव देतात. त्याने सांगितला. आत्या काहीतरी म्हणाली, तोही काहीतरी म्हणाला, दोघं बराच वेळ मान हलवत होते. भाव काय होता ते मला ऐकू आलं नाही, मी गाडीची काच वर करत होतो. तुम्हीही करा, एसी चालू असतो.