‘वाई तासाभरात संपते’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्याकडच्या मुक्कामाला दोन स्टार दिलेत आणि खाली लिहिलंत, ‘वाई तासाभरात संपते. मेणवलीचा वाडा बंद, पांडवगडावर जीव निघाला, घाटावर वास, आणि नाश्ता नऊला.’

आधी आमच्या चुका. वाडा खासगी आहे, कधी उघडा मिळतो, कधी नाही. हे मी बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं होतं, राहून गेलं. पांडवगड ‘सोपा आहे हो’ असं फोनवर आमचे हे म्हणाले. ते शाळेत असल्यापासून चढताहेत, त्यांना सोपाच! पण १२७३ मीटरचा गड, मे महिन्याचं ऊन आणि सोबत सहा वर्षांचं पोर. पहाटे पाचलाच निघा, असं बजावायला हवं होतं. सोबत दिलेल्या दोन बाटल्या पाणी पुरणार नव्हतंच. वाटाड्याचे पैसे परत केलेत, खात्यात बघून घ्या.

घाटावरच्या प्लास्टिकबद्दल काय बोलणार? रोज बघतो, आम्हालाच लाज वाटते.

नाश्ता नऊला हवा, हे मात्र तुम्हीच आदल्या रात्री सांगितलं होतंत. वहीत लिहिलंय. असो.

पण ‘तासाभरात संपते’ काही पटलं नाही. ढोल्या गणपतीसमोर फोटो काढून लगेच गाडीत बसलो, असं तुम्हीच लिहिलंय. देवळाच्या मागे एक चक्कर मारायची होती. मागची भिंत सरळ नाहीच, माशासारखी निमुळती होत गेलीय. पेशव्यांचे सरदार रास्ते, त्यांनी १७६२ मध्ये देऊळ बांधलं ते अगदी कृष्णेच्या काठाला, म्हणून ही युक्ती. पुराचं पाणी त्या टोकावर फुटतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. पावसाळ्यात आम्ही छत्र्या घेऊन खास ते बघायला जातो. शेजारच्या काशीविश्वेश्वराचा नंदी काळ्या दगडाचा, इतका गुळगुळीत की हात फिरवल्याशिवाय राहवत नाही.

आणि वाडा बंद होता, मेणवलीचा घाट थोडाच बंद होता? तिथल्या छोट्या घुमटीत टांगलेली घंटा वसईची आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांकडून आलेली. नीट बघितलं तर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते, आणि १७०७ हे सालही. नाना फडणवीसांच्या घाटावर, महादेवाच्या देवळापाशी! माझ्या मते अख्ख्या वाईत यापेक्षा भारी काही नाही.

वाईजवळच्या धोमला तर तुम्ही गेलाच नाहीत. तिथल्या देवळात कमळाच्या आकाराचं कुंड, त्यात कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. कुंड भरलेलं असलं की कासव नंदीला घेऊन पोहतंय असंच वाटतं. मुलाला गडापेक्षा हेच आवडलं असतं.

पुन्हा आलात तर पाऊस सरल्यावर या. सकाळी सहाला मी स्वतः घाटावर घेऊन जाईन, पैसे नकोत. नाश्ता परत आल्यावर, साडेआठला. वहीत आत्ताच लिहून ठेवते.