११ सेकंदांची क्लिप आणि 'तो ग्रुप शाळेचा नाही'

आज दुपारी भावाचा फोन आला. "ताई, ती क्लिप परत आली गं." एवढंच बोलला आणि गप्प झाला. तेव्हापासून हात थरथरतोय, म्हणून लिहायला बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझा भाचा बोलताना अडखळतो. 'प'ला आणि 'क'ला तर हमखास. मागच्या वर्षी वर्गात उभं राहून धडा वाचताना एका शब्दावर अडकला आणि कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं. ११ सेकंद. मग त्याला ठेका जोडला, हसण्याचे आवाज टाकले आणि वर्गातल्या मुलांच्या ग्रुपवर सोडून दिलं. त्या ग्रुपमध्ये तोही होता.

महिनाभर त्याने घरात चकार शब्द काढला नाही. वहिनीला कळलं ते घसा दुखण्यावरून. ज्या दिवशी वाचनाचा तास, नेमका त्याच दिवशी याचा घसा दुखायचा. मी त्याला विचारलं, "अरे, मग ग्रुपमधून बाहेर का नाही पडलास?" तर म्हणाला, "आत्या, बाहेर पडलो तर ते माझ्याबद्दल काय बोलतात ते मला कळणार नाही ना." बारा वर्षांचं लेकरू रात्री पांघरुणात तोंड खुपसून स्वतःची टिंगल वाचत पडायचं.

शाळेत भाऊ-वहिनींबरोबर मीही गेले होते. वर्गशिक्षिका म्हणाल्या, मोठ्या बाईंना भेटा. मोठ्या बाईंनी "बघू तरी काय आहे ते" म्हणत क्लिप लावली. आवाज पूर्ण मोठा. त्याच्यासमोर. तो खाली मान घालून बुटाची नाडी बोटाला गुंडाळत होता, सोडवत होता. क्लिप संपल्यावर बाईंनी विचारलं, "मारलं का कुणी तुला? नाही ना? आणि हा ग्रुप काही शाळेचा नाही." पोलीस म्हणाले, मुलांची भांडणं आहेत, शाळेतच मिटवा. तो ग्रुप ज्या ॲपवर होता त्या कंपनीकडे तक्रार केली तर यंत्राने उत्तर पाठवलं की आमच्या नियमांचा भंग झालेला नाही.

मग काय केलं आम्ही? आमच्याच पोराची शाळा बदलली. ज्याचा छळ झाला त्यानेच आपला बाक, आपले दोन मित्र सोडून जायचं. चार महिने बरे गेले, घसा दुखायचा थांबला होता. आज ती क्लिप नव्या वर्गात पोचली.

आता कृपा करून कुणी "आमच्याही वेळी चिडवायचे, त्यातूनच माणूस घडतो" असं लिहू नका. आपल्याला कुणी चिडवलं तर ते हवेत विरून जायचं. याचं अडखळणं कुणाच्या तरी खिशात साठवलेलं आहे आणि हवं तेव्हा वाजवता येतं. डॅन ओल्व्हेयस या नॉर्वेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात शाळेतल्या छळावर काम सुरू केलं. त्यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: जाणूनबुजून केलेला, पुन्हा पुन्हा होणारा आणि बळाचा तोल एकाच बाजूला असलेला. क्लिप टाकणाऱ्याने ती एकदाच टाकली असेल. पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने ती 'पुन्हा' केली. हे कायद्यात लिहायला नको का?

बाईंचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. मारलं का कुणी? जपानमध्ये २०११ साली एका तेरा वर्षांच्या मुलाने छळाला कंटाळून जीव दिला, शाळेने नीट चौकशीही केली नाही म्हणून देशभर संताप उसळला आणि २०१३ मध्ये कायदा झाला. त्या कायद्यात छळाची व्याख्या मुलाच्या बाजूने केलेली आहे. सोबतच्या मुलांच्या वागण्याने त्याला शरीराचा किंवा मनाचा त्रास होतोय ना, मग तो छळ. इंटरनेटवरचाही. त्या व्याख्येपुढे "हा ग्रुप शाळेचा नाही" हे वाक्य टिकलंच नसतं. तिथेही छळ थांबलेला नाही, हे मान्य. पण निदान शाळेला हात वर करता येत नाहीत.

आणि कंपन्यांचं काय? ऑस्ट्रेलियाच्या २०२१च्या कायद्याप्रमाणे मुलांच्या छळाचा मजकूर काढण्याची नोटीस सरकारी आयुक्तांकडून आली की कंपनीला २४ तासांत तो काढावा लागतो. इटलीने २०१७ मध्ये चौदा वर्षांवरच्या मुलांना स्वतः मजकूर काढायला सांगण्याचा हक्क दिला. कंपनीने ४८ तासांत केलं नाही तर सरकारी यंत्रणेकडे जाता येतं. म्हणजे हे करता येतं! करायचं नसतं म्हणून होत नाही. जाहिरात कुणाला दाखवायची ते यांना क्षणात कळतं आणि एका मुलाचं रडणं कळायला माणूस मिळत नाही?

खोट्या तक्रारी होतील, पालकांनीही लक्ष ठेवायला हवं, हो, सगळं खरं आहे.

ज्याने ती क्लिप बनवली तोही बाराच वर्षांचा आहे. सुरुवातीला मला त्याला फरफटत न्यावंसं वाटलं होतं. मग एकदा त्याला शाळेबाहेर पाहिलं, पाठीवर दप्तर, हातात अर्धवट सोललेलं पेन्सिलीचं टोक. मूलच आहे ते. त्याला कोठडी नको, त्याच्याशी बसून बोलणारं कुणीतरी हवं. माझा राग मोठ्यांवर आहे. त्या वर्षात एकाही मोठ्या माणसाने "हे माझं काम आहे" असं म्हटलं नाही, कारण कायद्याने आपल्याला तसं बजावलंय असं कुणालाच वाटलं नाही.

म्हणून लोकप्रतिनिधींकडे मागणं आहे. तक्रार आली की शाळेने ती लेखी नोंदवलीच पाहिजे, ग्रुप कुणाचाही असो. ठरलेल्या दिवसांत चौकशी, नाही झाली तर शाळेबाहेर दाद मागायला एक जागा. कंपनीकडून तासांत मोजलेली मुदत आणि उत्तर द्यायला माणूस. आणि तक्रार करणाऱ्या मुलाला शाळा बदलावी लागणार नाही याची हमी.

मी आज रात्रीच पत्र पाठवतेय. तुम्हीही आपापल्या लोकप्रतिनिधींना पाठवा, मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, देते. पण ती क्लिप मागू नका. "बघू तरी" असंही म्हणू नका.