हलका हात की कच्ची हनुवटी?

बॉक्सरला जास्त काय नडतं, हलका हात (ठोशात जोर नसणं) की कच्ची हनुवटी (ठोसा लागताच कोसळणं)? बॉक्सिंग बघणाऱ्या चार जणांत हा वाद काढा, तिघं तरी लगेच 'हनुवटी' म्हणतील. हात हलका असला तरी गुणांवर जिंकता येतं, हनुवटी कच्ची असली की एका ठोशात खेळ खलास. निकालांच्या यादीपुरतं हे बरोबरच आहे. पण नुकसान यादीचं मोजायचं की माणसाचं, हे आधी ठरवा. माणसाचं मोजायचं असेल तर मी हलक्या हाताला जास्त घाबरतो.

उदाहरणाला दोघं पुरेत. पहिला ब्रुकलिनचा पॉली मॅलिनाजी. 36 विजय आणि त्यात नॉकआउट फक्त 7. पाय चपळ, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) सुंदर, पण उजवा हात वारंवार मोडलेला. तरी दोन वजनगटांत जगज्जेता झाला. दुसरा आमिर खान (नट नव्हे, इंग्लंडमधल्या बोल्टनचा). 17 व्या वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये रौप्य, हातांचा वेग डोळ्यांत न मावणारा. पण सप्टेंबर 2008 मध्ये मँचेस्टरला ब्रेडिस प्रेस्कॉटनं त्याला 54 सेकंदांत झोपवलं आणि 'हनुवटी कच्ची' हा शिक्का बसला तो कायमचा.

मे 2010 मध्ये न्यूयॉर्कला हे दोघं समोरासमोर आले. हलका हात विरुद्ध कच्ची हनुवटी, वादाचा निकालच लावायला बसल्यासारखे. खान अकराव्या राउंडला जिंकला, रेफरीनं लढत थांबवली. मॅलिनाजीचे ठोसे लागत नव्हते असं नाही. पण लागल्यावर खानला थबकावं असं त्यात काही नव्हतं. समोरच्याला भीतीच नसेल तर तो चालत आत येतो, आणि आत आलेल्या माणसाला पळून किती राउंड टाळणार? तेव्हा हलक्या हाताचं खरं नुकसान 'नॉकआउट मिळत नाहीत' हे नव्हेच. तुमच्या डोक्यावर बसणाऱ्या ठोशांची संख्या वाढते, हे आहे.

आता हनुवटीकडे. ही काही हाडाच्या जाडीची गोष्ट नाही. हुक (बाजूनं वळवून मारलेला ठोसा) किंवा अपरकट (खालून वर मारलेला) हनुवटीच्या टोकाला बसला की डोकं झटक्यात फिरतं, कवटी फिरते आणि आतला मेंदू मागे राहतो. हनुवटी म्हणजे त्या तरफेचं लांब टोक. म्हणून तोच ठोसा कपाळावर बसला तर ठोसा मारणाऱ्याचीच बोटं मोडतात. डोकं किती फिरेल हे मानेवर ठरतं, आणि ठोसा येताना दिसला होता का, यावर. दिसलेल्या ठोशाला मान आपोआप आवळली जाते, दात माउथगार्डवर बसतात. न दिसलेला, त्याहून हलका असला तरी, पाडतो.

म्हणूनच 'हनुवटी कच्ची' हे निदान बऱ्याचदा आळसानं केलेलं असतं. 2012 ची खान-डॅनी गार्सिया लढत पुन्हा बघा. खान पुढे होता. तिसऱ्या राउंडला गार्सियाचा डावा हुक कानाखाली, मानेजवळ बसला आणि तिथून चौथ्या राउंडपर्यंत सगळं कोसळलं. दोष कुठला? सरळ रेषेत मागे सरकताना हात खाली आणि त्याच वेळी स्वतःही ठोसा फेकणं. शिवाय मार लागला की क्लिंच करून, म्हणजे समोरच्याला मिठी मारून, वेळ काढायचा, तर हा भांडायला उभा. हीच हनुवटी डिसेंबर 2010 मध्ये मार्कोस मायदानासारख्या हातोड्यासमोर दहाव्या राउंडचा भयंकर मार खाऊन बाराव्याच्या घंटेपर्यंत टिकली होती, हे मात्र कुणाला आठवत नाही.

एकेकाळचा हेवीवेट जगज्जेता व्लादिमिर क्लिच्को तर याचा सरळ पुरावा. 2004 पर्यंत तीनदा हरला, तिन्ही वेळा लढत वेळेआधी थांबवावी लागली. कोच इमॅन्युएल स्टुअर्ड आले. सप्टेंबर 2005 मध्ये सॅम्युअल पीटरनं तीनदा खाली पाडलं, तरी गुणांवर जिंकला. नंतर नोव्हेंबर 2015 पर्यंत हार नाही. हनुवटी तीच होती. बदललं काय, तर 81 इंचांच्या पल्ल्याचा जॅब सतत समोर, आणि प्रतिस्पर्धी जॅबच्या आत शिरला की मिठी मारून वजन त्याच्या मानेवर टाकायचं. बघायला कंटाळवाणं, मान्य. पण हे जमलं कारण त्या जॅबमागे 53 नॉकआउटवाला उजवा हात होता. आत यायचं तर तो ओलांडून यावं लागे. कच्ची हनुवटी जड हातामागे लपते. हलका हात लपवायला फक्त पाय असतात, आणि तिशीनंतर आधी पाय जातात. हाताचं वजन सर्वात शेवटी जातं. 45 व्या वर्षी जॉर्ज फोरमननं मायकेल मूररला दहाव्या राउंडला झोपवलं, तेव्हा तिन्ही जजांच्या कागदावर फोरमन मागेच होता.

बरं, सुधारता काय येतं? मान नक्की कमावता येते, आणि आपल्याकडच्या तालमींना हे बॉक्सिंग क्लबांच्या आधीपासून ठाऊक आहे. पैलवानाची मान बघा, कानापासून खांद्यापर्यंत एकच खांब. बॉक्सरसाठी साधी पद्धत : बाकावर पाठीवर झोपून डोकं कडेबाहेर ठेवायचं, हनुवटी छातीकडे आणि परत, 20 वेळा. मग पोटावर झोपून, मग दोन्ही कुशींवर. असे तीन सेट, आठवड्यातून तीन दिवस. वजन पहिल्या महिन्यात अजिबात नाही, झटका कधीच नाही. शॅडो करताना, म्हणजे हवेत ठोसे मारायचा सराव करताना, हनुवटीखाली टेनिस बॉल धरा. तो पडला त्या क्षणी तुमची हनुवटी उघडी होती. आणि वजन उतरवण्यासाठी शेवटच्या दिवसात पाणी तोडू नका. कोरड्या शरीरानं रिंगमध्ये उतरलेल्याची चांगली हनुवटीही कच्ची होते.

हात किती जड होईल याला मात्र जन्मतः मर्यादा असते. पण निम्मे हलके हात मुळात हलके नसतात, चुकीचे असतात. मोबाइल कडेला उभा करून क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) मारतानाचं स्वतःचं शूटिंग करा. मागच्या पायाची टाच बाहेर वळतेय का? कंबर हाताच्या आधी फिरतेय का? बॅग प्रत्येक ठोशाला झोक्यासारखी लांब जात असेल तर तुम्ही मारत नाही, ढकलताय. नीट बसलेल्या ठोशानं बॅग जागेवरच दुमडते. मुठीचे पहिले दोनच सांधे टेकले पाहिजेत, करंगळीकडचे टेकले की तिथलं हाड जातं आणि पुढचे दोन महिने सगळेच ठोसे हलके. हे करूनही हात हलका राहिला तर पहिल्या राउंडपासून पोटाकडे वळा. उजव्या बरगडीखाली यकृतावर डावा हुक नेमका बसायला ताकद थोडी लागते, कोन जास्त लागतो.

आता माणसाच्या नुकसानीचं. जून 2006 मध्ये मॅलिनाजी मिगेल कोटोशी लढला. दुसऱ्या राउंडला खाली पडला, चेहऱ्याचं हाड मोडलं, गाल सुजून डोळ्यापर्यंत आला. आणि हा गडी बाराही राउंड उभा राहिला, गुणांवर हरला. लोकांनी जिगरीचं कौतुक केलं, करायलाच हवं. पण हात थोडा जड असता तर कोटो इतका बिनधास्त आत आला नसता, आणि हनुवटी थोडी कच्ची असती तर बाराऐवजी पाच राउंडांचा मार पडला असता. हलका हात आणि पक्की हनुवटी ही जोडी कोचला आवडते. मला ती सगळ्यात धोक्याची वाटते.

हौशी बॉक्सिंगचा हिशेब वेगळा. तीन मिनिटांचे तीन राउंड, पाच जज. तिथं हलका हात फारसा नडत नाही आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. मुलगा प्रोफेशनलला गेला, ग्लोव्ह्ज लहान झाले, राउंड वाढले की मग कळतं. उलट कच्च्या हनुवटीचा मुलगा पहिल्याच मोठ्या स्पर्धेत उघडा पडतो. डोक्याच्या मारामुळे लढत थांबली की डॉक्टर किमान 30 दिवस त्याला स्पारिंगपासूनही (सरावाच्या लढतीपासूनही) लांब ठेवतात. हलक्या हाताच्या मुलाच्या नावापुढे मात्र नुसतं 'गुणांवर पराभूत' लिहिलेलं असतं, आणि सोमवारी संध्याकाळी तो परत हेडगार्ड चढवून जड गटातल्या कुणाचे तरी ठोसे खात असतो.