अंधारातला फोकस आणि दीड लाखाची बॉडी: अंबाजोगाईच्या दादांना उत्तर

दादा, नमस्कार. तुमची कमेंट काल रात्री वाचली, सकाळी चहा घेता घेता परत वाचली, आणि दोन ओळीत धन्यवाद म्हणून सोडून द्यावी अशी ती नाहीच, म्हणून सविस्तर लिहायलो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. निकॉनने ३ एप्रिल २०२५ ला झेड ५ टू हा कॅमेरा जाहीर केला, आणि त्यावर मी लिहिलं होतं की हौशी माणसाला फुलफ्रेममध्ये, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात, यायचं असेल तर आत्ता हाच बघावा. त्यावर अठरा वर्षं स्टुडिओ चालवणाऱ्या या दादांनी लिहिलंय की २४ मेगापिक्सेल तर निकॉनच्याच २०१४ च्या डी ७५० मध्येही होते मग नवीन काय, क्रॉप बॉडीला (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला) एफ १.४ ची लेन्स लावली (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त) की तेच काम भागतं, ४के ६० ला (सेकंदाला ६० फ्रेमच्या व्हिडिओला) फ्रेम कापली जाते हे तुम्ही एका ओळीत उरकलं, आणि शेवटी, "आपल्याकडं पोरं हप्त्यावर कॅमेरे घ्यायलेत, लग्नसराई सरली की हप्ते थकतात, आणि तुम्ही त्यांच्या डोक्यात अजून एक दीड लाखाचं खूळ घालायलात."

शेवटचं वाक्य लागलं मला, कारण ते खरं आहे. दोन सिझनमध्ये कॅमेरा घेऊन तिसऱ्या सिझनला तोच निम्म्या भावात विकणारी पोरं मीही बघितलीत. तर आधी हे स्पष्ट सांगतो, मूळ लेखात सांगायला पाहिजे होतं: ज्याचं आत्ताच्या कॅमेऱ्यावर काम अडत नाही त्यानं हा घेऊ नये, आणि कर्ज काढून तर अजिबात नाही. अडतं कुठं ते मात्र मला सांगू द्या, कारण तिथं तुमचं नि माझं जमत नाही.

फेब्रुवारीत औसा तालुक्यात मावसभावाचं लग्न होतं. रात्री अंगणात गोंधळ. ज्वारीच्या धाटांखाली चौक भरलेला, पत्र्याच्या शेडला एकच पिवळा बल्ब, संबळ रंगात आलेला, आणि गोंधळ्याच्या हातात दिवटी. माझ्याकडं डी ७५० आणि ५० एमएम एफ १.८ डी, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) ६४००, शटर सेकंदाचा १२५ वा भाग. आजी दिवटीवर तेल घालायला वाकली, ज्योत भप्पकन वर आली आणि तिचा सगळा चेहरा तांबड्या उजेडात न्हाला, दोन सेकंद, जास्तीत जास्त तीन. लेन्स घर्र करून पुढं गेली, घर्र करून मागं आली. अकरा फ्रेम मारल्या त्यात फोकस बसला दोनमध्ये, आणि त्यातही एकीत कानातली बुगडी शार्प आणि डोळे सॉफ्ट. फ्लॅश मारला असता तर फोकस मिळाला असता पण मग दिवटीचा उजेडच गेला असता, आणि दिवटीच्या उजेडाशिवाय तो फोटो कशाला काढायचा.

त्या रात्री मला मेगापिक्सेल कमी पडले नाहीत दादा, आयएसओपण कमी पडला नाही. कमी पडला तो फोकस. डी ७५० उणे ३ ईव्हीपर्यंत (ईव्ही म्हणजे उजेडाचं माप, जितकं उणे तितका अंधार जास्त) फोकस करतो असं कंपनी सांगते, झेड ५ टू उणे १०. आता हे दोन आकडे एकाशेजारी एक ठेवून सात स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरक म्हणणं बरोबर नाही, कारण दोन्हीकडं मोजायची पद्धत वेगळी, आणि उणे १० हा आकडा एफ १.२ लेन्स लावून, सिंगल फोकसवर मोजलेला. एफ १.८ लावली की त्यातला स्टॉपभर तिथंच जातो. तरीपण. झेड ५ टू अजून माझ्या हातात आलेला नाही, पण त्यात जो एक्स्पीड ७ प्रोसेसर आहे तोच असलेला झेड ६ थ्री एका मित्राचा दोन दिवस वापरलाय, आणि लाइट गेलेल्या खोलीत समईसमोर बसलेल्या त्याच्या पोरीच्या डोळ्यावर फोकसचा चौकोन येऊन बसला तो हललाच नाही. ती मान हलवायली आणि चौकोन तिच्यासोबत हलायला. हे बघितल्यावर मी तो लेख लिहिला.

आता क्रॉप बॉडी आणि एफ १.४. इथं तुमचं निम्मं नाही, पाऊण खरं आहे. फुलफ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, निकॉनचा क्रॉप साधारण २३.५ बाय १५.७ चा, क्षेत्रफळात सव्वादोन पटीपेक्षा थोडा जास्त फरक, म्हणजे सव्वा स्टॉपच्या आसपास. क्रॉपवरची एफ १.४ ही उजेडाच्या हिशोबात फुलफ्रेमवरच्या एफ २ च्या जवळ जाते. म्हणजे तुम्ही म्हणता तसं ती लेन्स लावलेला क्रॉप कॅमेरा आणि एफ २ लावलेला फुलफ्रेम यांच्या फोटोत नॉइजचा (दाण्यांचा) फरक शोधत बसावं लागेल. पण तुमचा मुद्दा अजून पुढं न्यायला पाहिजे होता, तो मीच नेतो. झेड ५ टू सोबत २४-५० ची कीट लेन्स मिळते, ती ५० ला एफ ६.३. एफ २ च्या तुलनेत एफ ६.३ मधून उजेड येतो साधारण दहावा हिस्सा. दहावा! म्हणजे कीट लावून फुलफ्रेम घेतला तर गोंधळाच्या अंगणात तुमचा एफ १.४ वाला क्रॉप त्याच्या कितीतरी पुढं राहील. म्हणून माझं आता असं म्हणणं आहे की कीट घ्यायचीच नाही, नुसती बॉडी आणि ४० एमएम एफ २, ती लेन्स १७० ग्रॅमची आहे, खिशात मावते. आणि बॉडी घेतल्यावर तेवढ्या लेन्सपुरतेही पैसे उरत नसतील तर बॉडी घेऊ नये. फुलफ्रेमचा सव्वा स्टॉप कमवायचा आणि लेन्समध्ये तीन स्टॉप घालवायचे, हा व्यवहार कोणी करू नये.

मेगापिक्सेलवर जास्त बोलत नाही. फोटो ६०४८ बाय ४०३२ चा येतो, आपला नेहमीचा १२ बाय ३६ चा अल्बम धरला तर एका पानाची १८ इंच रुंदी ३०० डीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ५४०० पिक्सेल मागते, बसतो आरामात. दोन्ही पानांवर पसरवला तर १६८ डीपीआयवर येतो, हातभर अंतरावरून कोणी नाक मुरडणार नाही. तुम्हीच इतकी वर्षं असे अल्बम छापून दिलेत की. सेन्सरही मेगापिक्सेल सारखे म्हणून तोच नाही, हा बॅक-इल्युमिनेटेड, म्हणजे उजेड जास्त चांगला पकडणारा आहे, आणि बॉडीतच स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) आहे जे डी ७५० ला नव्हतं. स्टॅबिलायझेशनचा उपयोग गोंधळात शून्य, माणूस हलायलाय तिथं ते काय करणार. पण अजिंठ्यात फ्लॅशला बंदी, उजेड अगदी मंद, आणि पद्मपाणी काही हलत नाही. पहिल्या लेण्यात हातात धरून अर्ध्या सेकंदाचं शटर मिळालं तर आयएसओ खाली आणता येतो आणि भिंतीचे रंग भिंतीसारखे येतात. वेरुळला दहाव्या लेण्यात दुपारनंतर पश्चिमेचं ऊन आत शिरतं तेव्हाही वर छताच्या कोरलेल्या फासळ्या सावलीतच राहतात, तिथंसुद्धा हेच.

व्हिडिओचं तुम्ही पकडलं ते बरोबर पकडलं. ४के ३० पूर्ण रुंदीत, ४के ६० ला दीडपट क्रॉप. म्हणजे २४ ची लेन्स ३६ होते, आणि आपल्याकडं लग्न लागतं ते दहा बाय बाराच्या स्टेजवर पन्नास माणसं उभी असताना, तिथं मागं सरकायला जागा नसते. अक्षता पडतानाचा स्लो मोशन वाइडमध्ये पाहिजे असेल तर हा कॅमेरा अडवणार. कॅननचा २०२३ चा आर ८ तेच ४के ६० पूर्ण रुंदीत देतो. पण त्याला बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही आणि कार्डाचा स्लॉट एकच, आणि लग्नाच्या कामाला एकच स्लॉट असलेला कॅमेरा मी कुणालाही सांगणार नाही. माझ्याकडून एकदा एका हळदीचं अख्खं कार्ड गेलंय, रिकव्हरीत निम्मे फोटो करड्या पट्ट्या होऊन आले, आणि त्या मुलीच्या वडिलांना फोन करताना काय वाटलं ते इथं लिहवत नाही. झेड ५ टू ला दोन एसडी स्लॉट आहेत.

एक तुम्ही विचारलं नाही पण विचारायला पाहिजे होतं, आणि मी लेखात लिहिलं नाही ही माझी चूक. आपल्या भागात निकॉनवाल्यांकडं जुन्या डी लेन्स भरपूर आहेत, ५० एफ १.८ डी, ८५ एफ १.८ डी, त्यांच्यात स्वतःची मोटर नाही, बॉडीतली मोटर स्क्रू फिरवून फोकस करते. जुन्या लेन्स झेड कॅमेऱ्यावर बसवायला जो एफटीझेड अडॅप्टर लागतो त्यात ती मोटर नाही. म्हणजे या लेन्स झेड ५ टू वर बसतील, अ‍ॅपर्चर चालेल, मीटरिंग चालेल, स्टॅबिलायझेशनही मिळेल, पण ऑटोफोकस चालणार नाही. ज्या फोकससाठी मी हा कॅमेरा घ्या म्हणतो तोच मिळणार नाही! औशाच्या त्या रात्रीची माझी ५० पण डीच आहे. तेव्हा "लेन्स तर आहेतच, नुसती बॉडी घेऊ" असा हिशोब कुणी मांडला असेल तर तो परत मांडावा. मूळ लेखात हे आज घालतो.

बॅटरीचंही सांगून टाकतो. डी ७५० ची बॅटरी कंपनीच्या मोजणीत एका चार्जवर १२३० फोटो जाते, हा साडेतीनशेच्या आसपास. प्रत्यक्षात दोन्हीकडं जास्त निघतात पण प्रमाण तेच राहतं, म्हणजे लग्नाच्या दिवसाला तीन बॅटऱ्या धराव्या लागतील आणि तो खर्च वेगळा. यूएसबी-सीवर चार्ज होतो, गाडीत पॉवर बँक लावून ठेवता येतं, गावात लाइटचा भरवसा नसतो तिथं तेवढाच आधार.

तुमच्या भाच्याबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय की त्याला काय सांगू. तो लग्नं करतो, व्हिडिओपण त्याच्याकडंच, आणि त्याचा क्रॉप कॅमेरा अजून नीट चालतो असं तुम्ही लिहिलंय. मग यंदा नको. त्याला एक चांगली एफ १.४ घेऊ द्या आणि ही लग्नसराई काढू द्या. आणि तुमच्या स्वतःसाठी, तुम्ही लिहिलंय की नवरात्रात योगेश्वरीच्या गर्दीत रात्री फोटो काढायची हौस अजून आहे, तर तुमच्या कपाटातली ८५ एकदा काढून बघा. तिच्यावर "एएफ-एस" लिहिलेलं असलं तर अडॅप्टरवर ती फोकस करेल. नुसतं "एएफ" आणि पुढं १.८ ला चिकटून "डी" असलं तर नाही. काय लिहिलंय ते कळवा, मग पुढचं बोलू.