शुभ, लाभ आणि एप्रिलचा पगार

ठाण्याच्या वागळे इस्टेटीतल्या 34 माणसांच्या एका कारखान्यात मी अकाउंटंट आहे. अकाउंटंट हे फक्त व्हिजिटिंग कार्डावर. प्रत्यक्षात बँकेत चेक टाकणं, जीएसटीचा ओटीपी शेठ जेवत असताना त्यांच्याकडून मिळवणं, पाण्याचे जार मोजून घेणं आणि महिन्यातून एकदा 34 संसारांचा पगार काढणं, हे सगळं माझ्याकडे. बाकी कशाला उशीर झाला तर शेठ ओरडतात. पगाराला उशीर झाला तर कोणीच ओरडत नाही. लोक नुसते माझ्या केबिनच्या काचेसमोरून पाणी प्यायला जातात. कूलर दुसऱ्या टोकाला आहे.

ही गोष्ट 2023च्या मे महिन्यातली. हजाराच्या आत कामगार असतील तर पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत हातात पडला पाहिजे, असं तेव्हा लागू असलेला 1936चा कायदा सांगायचा. त्या साली 7 तारखेला रविवार होता. 5 तारखेला बुद्धपौर्णिमा, बँक बंद. ती नेमकी शुक्रवारी आली आणि आमची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारचीच, म्हणजे एक हक्काची सुट्टी बुडाली. त्यावरून मशीन शॉपमध्ये आधीच धुसफूस चालू होती, जणू तिथी मीच काढली. सोमवारी 1 मे, महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. राहिले मंगळ, बुध, गुरू आणि शनिवार.

1 तारखेच्या सुट्टीचा फायदा घेऊन शेठनी विजेचा मेन बोर्ड बदलून घेतला. त्यामुळे सर्व्हर कित्येक वर्षांनी पहिल्यांदा पूर्ण थंड झाला. सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातल्या लोखंडी टेबलावरचा जुना डबा. सीसीटीव्हीची तार त्याच बोर्डात असल्यामुळे तो एरवी शुक्रवारीसुद्धा घरघरत असतो. मंगळवारी सकाळी मी तो चालू केला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या आणि खाली, पुढे जायचं असेल तर एफ वन दाबा. मी दाबला. पगाराच्या आठवड्यात मी काहीही दाबतो.

आता पगाराचं सॉफ्टवेअर अपडेटच का करायचं होतं, ते सांगतो. पॅकिंगमध्ये आमच्या चार मावशी आहेत. मार्चमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात बायकांच्या पीटीची, म्हणजे व्यवसाय कराची, मर्यादा 10 हजारांवरून 25 हजारांवर नेली. एप्रिलपासून पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईचा एक रुपयाही कापायचा नाही. ही बातमी मला सीएकडून कळायच्या आधी मावशींनी आणली. चौघी मिळून आल्या, त्यांतल्या सगळ्यात मोठ्या मावशींनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाल्या, "भाऊ, या महिन्यापासून आमचे दोनशे नाही कापायचे हां." त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, सरकारला तर माहीत होतंच. फक्त सॉफ्टवेअरला माहीत नव्हतं. आणि सरकारी दर आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हातानं बदलता येत नाहीत. ते कंपनीच्या अपडेटमधूनच यायला लागतात.

पगार म्हणजे हजेरी गुणिले रोज असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा माझ्या खुर्चीत बसावं. ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, कामगाराकडून 0.75 टक्के घ्यायचे आणि पुढच्या पूर्ण रुपयावर न्यायचे. मावशींचे 107 रुपये 25 पैसे आले की 108 कापायचे. पीएफला मालकाच्या 12 टक्क्यांचे दोन तुकडे करायचे, 8.33 पेन्शनला आणि उरलेले 3.67 पीएफला. पुरुषांची पीटी अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300, कारण वर्षाचे 2500 भरायचे असतात आणि राज्यघटनेचं 276वं कलम त्याच्या वर जाऊ देत नाही. आमचा एक टर्नर दर मार्चमध्ये पगाराची स्लिप घेऊन येतो आणि विचारतो, "सगळ्यात छोटा महिना, आणि त्यातच शंभर जास्त?" मी दर मार्चमध्ये त्याला राज्यघटना समजावतो. तो दर मार्चमध्ये मान हलवतो. पटल्यासारखी नाही, कीव आल्यासारखी.

तर मंगळवारी दुपारपर्यंत मी मस्टर बंद केला, खाडे, ओव्हरटाइम, उचल सगळं चढवलं आणि अपडेटचं बटण दाबलं. निळी पट्टी तीन टक्क्यांवर गेली, तिथे तिनं जरा विचार केला आणि पाटी आली: सर्व्हरशी सुरक्षित संपर्क होऊ शकला नाही. कृपया आपल्या सिस्टिम प्रशासकाशी संपर्क साधा.

शेठ मागे उभे होते. "मग साध की संपर्क."

"शेठ, प्रशासक मीच आहे."

"मग अडचण काय?"

कुठलीही खाडाखोड करण्याआधी बॅकअप घ्यावा हे मला कळतं. तेवढा शहाणपणा मी केला. पण फोल्डर उघडून बघतो तर आजचा बॅकअप नाहीच. सगळ्यात वर 30 एप्रिलचा. पुन्हा घेतला, पुन्हा नाही. पाच वेळा घेतला. ते पाचही बॅकअप यादीच्या पार तळाशी, सगळ्या जुन्या फायलींच्या खाली, आज्ञाधारकपणे एकाखाली एक बसले होते हे मला गुरुवारी कळलं. तळाशी कोण बघतं?

बुधवारी शेठचा भाचा आला. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. मेकॅनिकलच्या, पण आमच्याकडे ज्याला दाढी आहे आणि लॅपटॉपची बॅग आहे तो कॉम्प्युटरवाला. त्यानं आधी काळी खिडकी उघडून इंटरनेट तपासलं. "पिंग जातंय मामा." सॉफ्टवेअर अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून बघितलं. फायरवॉल बंद केली. राउटर काढला, स्वतःच्या मोबाइलचं हॉटस्पॉट जोडलं. तीन टक्के. मग त्यानं सर्व्हरवरच एक वेबसाइट उघडली, जे आमच्याकडे कधीच कोणी करत नाही, कारण त्या डब्यावर इंटरनेट फक्त अपडेटपुरतं. लाल इशारा आला, की हे कनेक्शन सुरक्षित नाही. दुसरी साइट उघडली, तोच इशारा. तेवढ्यात अँटिव्हायरसनंही कळवलं की मलाही अपडेट होता येत नाहीये. भाच्यानं खुर्ची मागे सरकवली आणि आयसीयूतून बाहेर आलेल्या डॉक्टरच्या आवाजात म्हणाला, "व्हायरस आहे."

व्हायरस म्हटल्यावर शेठनी रस्त्यापलीकडच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं डब्याला हातही लावला नाही. दारातूनच बघितलं आणि म्हणाला, "फॉरमॅट मारू." हा मनुष्य गेली दहा वर्षं मला ओळखतो आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी फॉरमॅटच सुचवतो. मी सर्व्हर आणि तो यांच्या मधे उभा राहिलो. आत अकरा वर्षांचा हिशेब होता. बाहेर पाणी प्यायला येणाऱ्यांची संख्या वाढली होती.

शेठ म्हणाले, "असं कर, मार्चचा पगार कॉपी कर आणि एक्सेलमध्ये मावशींचे दोनशे मिळव." ऐकायला सोपं आहे. पण मार्चमध्ये फिटर सहा दिवस गावाला होता, एकानं उचल घेतली होती, आणि सॉफ्टवेअरबाहेर काढलेला पगार पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये शिरवला नाही तर 15 तारखेला पीएफचं चलन भरताना मलाच गावाला जायची वेळ येते.

गुरुवारी सकाळी मी सॉफ्टवेअर कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. चाळीस मिनिटं सनई ऐकली. नंतर एक मुलगी आली, आवाजावरून माझ्या लेकीच्या वयाची, आणि फार धीराची. तिला माझा कॉम्प्युटर तिच्याकडून बघायचा होता, पण ते रिमोटचं सॉफ्टवेअरही जोडलं जाईना. मग तिनं मला पडदा वाचून दाखवायला सांगितलं. मी एकेक पाटी वाचली. तिनं दोन-तीन प्रश्न विचारले आणि मग म्हणाली, "सर, स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात काय दिसतंय?"

मी बघितलं. "लाभ."

"काय?"

"लाभ. डावीकडे शुभ आहे."

पलीकडे शांतता पसरली. त्या शांततेत मला सनईचीसुद्धा आठवण आली.

सांगतो. आमच्याकडे दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहीपूजन होतं. वह्या गेल्या, पूजा राहिली. त्यामुळे वहिनी, म्हणजे शेठच्या पत्नी, येऊन सर्व्हरचीच पूजा करतात. कीबोर्डवर कुंकू, माउसला फूल. अक्षतेचा एक दाणा स्पेसच्या बटणाखाली अजून आहे, दाबलं की कुरकुरतो. आदल्या दिवाळीत त्यांनी मॉनिटरला सोनेरी स्टिकर लावले. चौकट बारीक, म्हणून थेट काचेवर. शुभखाली स्टार्टचं बटण गेलं आणि लाभखाली घड्याळ. स्टार्टसाठी आम्ही कीबोर्ड वापरायला शिकलो. घड्याळासाठी भिंतीवर घड्याळ होतंच.

"सर, तो स्टिकर काढा."

"तो वहिनींनी लावलाय."

मुलीनं याचं उत्तर कुठल्या पुस्तकात वाचलं नसावं. मी शेठना हाक मारली. शेठनी स्वतःच्या जबाबदारीवर स्टिकर काढायला नकार दिला आणि घरी फोन लावला. दोन फोन, दोन्ही स्पीकरवर. वहिनी म्हणाल्या, "काढा, पण पायदळी येईल असा टाकू नका." मी नखानं सोलायला लागलो. सहा महिन्यांत तो काचेशी एकजीव झाला होता. "ला" निघाला, "भ" निघेना. पण "ला"खाली जे होतं ते वाचायला पुरेसं होतं.

1 जानेवारी 2009ला मदरबोर्ड जन्माला आला असं तो डबा धरून चालतो, आणि मंगळवार सकाळपासून आमचा सर्व्हर 2009च्या जानेवारीचा पहिला आठवडा जगत होता.

मुलीनं सगळं नीट समजावलं. मदरबोर्डवर रुपयाएवढा एक सेल असतो, सीआर 2032, तीन व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. आमचा कधीच मेला होता, पण डबा बंदच होत नसल्यामुळे कोणाला पत्ता नव्हता. अपडेट देणाऱ्या सर्व्हरचं एक प्रमाणपत्र असतं, त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत असं लिहिलेलं असतं. आमचा डबा 2009मध्ये बसून ते तपासत होता आणि हे तर अजून सुरूच झालेलं नाही म्हणून परत पाठवत होता. पुढच्या महिन्यापासूनचा लोकलचा पास आज टीसीला दाखवल्यासारखं. फरक थोडा असता तर विंडोजनं इंटरनेटवरून आपलं आपण जुळवून घेतलं असतं. चौदा वर्षं त्यालाही पचली नाहीत. भाच्याचा व्हायरस, अँटिव्हायरसची कुरकुर, तळाशी गेलेले बॅकअप, सगळं एका सेलचं.

"सर, मशीन चालू करताना काही मेसेज आला होता का?"

"आठवत नाही," मी म्हणालो. एफ वनचं बटण माझ्याकडे बघत होतं.

तारीख बदलली. अपडेट दाबलं. पट्टी तीनच्या पुढे गेली, सात, बारा. शेठ खुर्चीवर बसले. भाचा मोबाइलवर शूटिंग करायला लागला. आणि मग नवी पाटी आली: आपली वार्षिक वर्गणी 31 मार्च 2023 रोजी संपली आहे.

म्हणजे चुकीच्या सालात बसल्यामुळे तीन दिवस फुकट चालत होतं ते. खरं साल लावल्याबरोबर त्याला आपले पैसे आठवले. शेठनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की 2009 काय वाईट होतं? एप्रिलभर वर्गणी भरण्याची आठवण करणारी पिवळी पट्टी मी रोज बंद करत होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. इथेही लिहिलं नसतं, पण ते वाचत नाहीत. शेठनी पैसे भरले, वर 18 टक्के जीएसटी, आणि ओटीपी मला स्वतःच्या तोंडानं वाचून दाखवला.

घरी जाताना जांभळी नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडून सेल घेतला. चाळीस रुपये. पावती मागितली तर तो हसला. शनिवारी सकाळी सेल बसवला, अपडेट झालेल्या सॉफ्टवेअरमध्ये पगार फिरवला आणि अकरा वाजता बँकेची फाइल अपलोड केली. दुपारी तीननंतर पाण्याला कोणी आलं नाही.

पाच वाजता मोठ्या मावशी स्लिप घेऊन आल्या. पीटीच्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे शून्य म्हणजे नाही ना कापले?" नाही कापले, म्हटलं. त्यांनी स्लिपची चार घड्यांची चिमुकली पुडी केली आणि ब्लाउजमध्ये खोचली. त्यांच्यामागे टर्नर उभा होता.

"भाऊ, मावशींचे शून्य, माझे दोनशे?"

मी त्याला अर्थसंकल्प समजावला. बायकांना पंचवीस हजारांपर्यंत माफी, पुरुषांना नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "मग मे महिन्यापासून माझा पगार बायकोच्या नावानं काढा. तसाही तिकडेच जातो."

मी उत्तर शोधत पडद्याकडे वळलो. "भ"च्या शेजारी सव्वापाच वाजले होते.