बीटल्स 'देऊन टाकलेला' मॅनेजर आणि आमच्या मामाचा फॉरवर्ड

मामाने परवा सकाळी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल, त्याखाली तो. ज्यांना अजून आला नाही (येईलच) त्यांच्यासाठी थोडक्यात: ॲलन विल्यम्स हा बीटल्सचा मालक होता, १९६० मध्ये त्याने या चार पोरांना स्वतःच्या व्हॅनमधून जर्मनीला नेलं, सोबत फोटो. मग वर्षभरात कंटाळून त्याने अख्खा बँड पुढे त्यांचा मॅनेजर झालेल्या ब्रायन एपस्टाइनला फुकट देऊन टाकला. पुढे बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन मुंबईत ताजला उतरला तेव्हा या माणसाची आठवण काढून ढसाढसा रडला, आणि विल्यम्स मरेपर्यंत कपाळावर हात मारत राहिला. हे सगळं त्याने स्वतःच्या पुस्तकात लिहिलंय, तो स्वतः तिथे होता, म्हणजे खोटं असायचा प्रश्नच नाही. धडा: हातातलं सोडू नका. खाली तीन हात जोडलेले.

एरवी मी असलं काही वाचतसुद्धा नाही, म्यूट करते आणि लोकल पकडते. पण आमचे बाबा १९७८ ते ८४ गिरगावातल्या एका ऑर्केस्ट्राचे मॅनेजर होते, सुपाऱ्या आणायच्या, टेम्पो ठरवायचा, ढोलकीवाला वेळेवर येतोय का बघायचं, सगळं तेच. त्यांच्याकडचा एक गाणारा मुलगा मध्येच सोडून गेला आणि पुढे त्याचं बऱ्यापैकी नाव झालं. बाबांनी तो फॉरवर्ड चष्मा लावून तीनदा वाचला, चहा तसाच गार केला आणि म्हणाले, "अगं, हे माझंच लिहिलंय." दोन दिवस माणूस गप्प. म्हणून हे लिहायला बसले, नाहीतर मामाशी वाद घालायची मला हौस नाही.

आधी तो फोटो, कारण त्यात जे केलंय त्याला तोड नाही. फोटो खरा आहे. ऑगस्ट १९६०, हॅम्बर्गला जाताना वाटेत हॉलंडमध्ये आर्नहेमजवळ, दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मारकापाशी ही मंडळी टेकलीयत आणि मागे दगडावर कोरलंय की यांचं नाव कायम राहील. कुणालाही काटा यावा असा योगायोग. फॉरवर्डवाल्याने त्यातली चार तरुण पोरं मोजली आणि खाली ठोकून दिलं: जॉन, पॉल, जॉर्ज, रिंगो. अरे बाबा, त्या फोटोत जॉन लेननच नाहीये! तो व्हॅनमधून खाली उतरलाच नव्हता. आणि रिंगो? तो तेव्हा बीटल्समध्येच नव्हता, रॉरी स्टॉर्मच्या बँडबरोबर वेल्समधल्या एका हॉलिडे कॅम्पात ड्रम वाजवत होता. फोटोतले चौघे म्हणजे पॉल, जॉर्ज, आणि तेव्हा बँडमध्ये असलेले स्टुअर्ट सटक्लिफ आणि पीट बेस्ट. बाकीचे विल्यम्स, त्याची बायको आणि त्याचा पार्टनर, ज्याला सगळे लॉर्ड वुडबाइन म्हणायचे, आणि फोटो काढणारा विल्यम्सचा मेहुणा, तो अर्थातच दिसत नाही. म्हणजे चार आकडा बरोबर आला म्हणून हिशोब बरोबर असं समजणारा हा माणूस आणि तो आम्हाला आयुष्याचे धडे देणार.

बरं, एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. व्हॅन विल्यम्सचीच होती, हॅम्बर्गचं काम त्यानेच जमवलं, आणि हॅम्बर्गमध्ये रोज रात्री तासन्‌तास वाजवून ही पोरं तयार झाली नसती तर पुढचं काही झालं असतं का, देव जाणे. शिवाय जॉन, पॉल, जॉर्ज आणि रिंगो एकत्र रेकॉर्ड झाले ते पहिल्यांदा १५ ऑक्टोबर १९६० ला, हॅम्बर्गच्या एका छोट्या स्टुडिओत, दुसऱ्याच बँडच्या गायकामागे, आणि तेही विल्यम्सनेच जुळवलेलं. त्या तबकड्या गायब आहेत ती गोष्ट वेगळी. त्याचं श्रेय त्याला आहेच.

आता 'मालक' आणि 'देऊन टाकला'. शब्द हवेतून आलेला नाही, विल्यम्सच्या १९७५ च्या पुस्तकाचं नावच 'द मॅन हू गेव्ह द बीटल्स अवे', म्हणजे बीटल्स देऊन टाकणारा माणूस. पण ते नाव आहे, पुरावा नाही. स्वतःवर विनोद करून पुस्तक खपवायची ती युक्ती. झालं काय होतं ते एप्रिल १९६१ च्या त्याच्याच पत्रात आहे. पोरं दुसऱ्यांदा हॅम्बर्गला गेली, टॉप टेन क्लबमध्ये, आणि म्हणाली की हे काम आमचं आम्ही ठरवलंय, तुला दहा टक्के कशाचे? विल्यम्सने चिडून पत्र लिहिलं, धमक्या दिल्या, उपयोग शून्य. संबंध तिथेच तुटले. एपस्टाइनने त्यांना पहिल्यांदा लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबमध्ये पाहिलं ते ९ नोव्हेंबर १९६१ ला, म्हणजे सहासात महिन्यांनी. मग विल्यम्सकडे द्यायला होतं काय? एपस्टाइन त्याला विचारायला आला तेव्हा याने उलट सांगितलं की त्या पोरांच्या वाऱ्यालाही उभा राहू नकोस, कमिशन बुडवतात. याला दान म्हणतात का?

गंमत म्हणजे हा शेवटचा किस्सा विल्यम्स स्वतःच सांगायचा आणि मला तो पटतो. बीटल्सवाले मुरलेले चाहते अशा आठवणी कशा वाचतात हे बघण्यासारखं आहे, मी गेली दहाएक वर्षं बघतेय. माणूस स्वतःचं हसं होईल असं काही सांगत असेल तर ते बहुतेक खरं धरतात. पैसे किती मिळाले, कोण आजारी होतं, व्हॅनमध्ये किती जण कोंबले होते, असले फालतू तपशील पण खरे धरतात, कारण त्यात खोटं बोलून फायदा काय. पण पंधरा वर्षांपूर्वीची अख्खी संभाषणं अवतरणचिन्हात दिसली की सावध होतात, आणि विल्यम्सच्या पुस्तकात ती भरपूर आहेत. लिहायला एक पत्रकार बरोबर होता, त्याला मजा आणता येत होती, आणली.

आणि सगळ्यात जास्त सावध कधी? सांगणाऱ्याला विकायचं असतं तेव्हा. हॅम्बर्गच्या स्टार क्लबमधल्या टेप घ्या. लिव्हरपूलच्याच एका गायकाने घरगुती टेपरेकॉर्डरवर तिथले बीटल्सचे कार्यक्रम रेकॉर्ड करवून घेतले, पुढे त्या विकायच्या खटपटीत विल्यम्सही होता, आणि १९७७ मध्ये रेकॉर्ड बाजारात आली. विकणारे म्हणायचे की हे १९६२ च्या वसंतातलं आहे. का? कारण बीटल्सच्या रेकॉर्ड कंपनीचं, ईएमआयचं, कॉन्ट्रॅक्ट जूनमधलं, त्याच्या आधीचं ठरलं की ईएमआयचा हक्क येत नाही. पण टेपवर ड्रमवर रिंगो आहे आणि वसंतात ड्रमर होता पीट बेस्ट! रिंगो आला ऑगस्टमध्ये. मग म्हणे पीट त्या दिवशी नव्हता, रिंगो पाहुणा म्हणून बसला. कायच्या काय. टेप डिसेंबरच्याच. १९७७ ला बीटल्सची कंपनी कोर्टात हरली, १९९८ मध्ये जॉर्ज हॅरिसन स्वतः साक्षीला उभा राहिला, म्हणाला की एका दारुड्याने दुसऱ्या दारुड्यांना रेकॉर्ड केलं म्हणजे धंद्याचा करार होत नाही, आणि टेप परत मिळाल्या. तिथे हजर असलेली माणसंच तारीख सांगत होती हं. हजर होता म्हणजे खरं बोलतो, हा फॉरवर्डचा मुख्य खांब, तो इथेच पडतो.

हे मी माझ्या डोक्यातून सांगत नाहीये. मार्क लुईसनचं 'ट्यून इन' म्हणून २०१३ चं जाडजूड पुस्तक आहे, ते फक्त १९६२ च्या ३१ डिसेंबरपर्यंत येऊन थांबतं, यावरून कळेल माणसाने किती कागद चाळलेत. पत्रं, करार, जाहिराती. विल्यम्सला तो मोडीत काढत नाही, फक्त प्रत्येक वाक्याशेजारी कागद ठेवतो.

आणि एपस्टाइन तरी कुठे धुतल्या तांदळासारखा. त्याच्या १९६४ च्या आत्मचरित्राप्रमाणे त्याच्या रेकॉर्डच्या दुकानात एका मुलाने रेकॉर्ड मागितली तेव्हा त्याला बीटल्स हे नाव कळलं, पण लिव्हरपूलच्या ज्या पेपरात बीटल्स पहिल्या पानावर होते तो त्याच्याच दुकानात विकायला होता आणि ऑगस्टपासून तो स्वतः त्यात लिहीत होता. त्याचा असिस्टंट तर पुढे म्हणाला की तो मुलगा मीच बनवलेला, खोटं नाव. आणि मग तो मुलगा खराखुरा निघाला! म्हणजे मॅनेजरची आठवण चुकीची, असिस्टंटचा कबुलीजबाबही चुकीचा.

ताजमधल्या रडण्याबद्दल काय बोलू. हॅरिसन सप्टेंबर १९६६ मध्ये ताजला होता, रविशंकरांकडे सतार शिकत होता, १९६८ च्या जानेवारीत परत येऊन फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने रेकॉर्डिंगही केलं. इतकं खरं. रडणं मामाच्या ग्रुपवर घडलं. मुंबईचं नाव घातलं की आपली माणसं पुढे ढकलतात, बस. आणि विल्यम्स कपाळ बडवत बसला वगैरे काही नाही, पुस्तक काढलं, चाहत्यांच्या मेळाव्यांत मानाने फिरला, तेच किस्से सांगून लोकांना हसवलं, २०१६ मध्ये शहाऐंशीव्या वर्षी गेला.

हे सगळं मी बाबांना वाचून दाखवलं. कमिशनच्या भांडणापाशी त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "सुपारी पोरांनी परस्पर घेतली तर कमिशन कुठलं गं? तो मॅनेजर नव्हेच, सुपारी आणणारा." मग उठून कपाटातून रेक्झिनची डायरी काढली, तीच, रबर लावलेली, १९८१ ची. इतकी वर्षं ते सांगत आलेत की गणपतीत शिवाजी मंदिरला हाउसफुल्ल शो झाला, त्या रात्री तो मुलगा पाया पडला आणि मी मोठ्या मनाने म्हणालो, जा बेटा. डायरीत मे महिना. हॉल परळच्या एका सोसायटीचा. समोर लाल पेनाने बाबांच्याच अक्षरात: 'आला नाही. ॲडव्हान्स ७५ रु. येणे.'

बाबा बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, "मामाला विचार, त्या पोराचा नंबर मिळेल का कुठे."